लॅपटॉप निवडताना टचपॅडची तुलना: या चुका टाळा

प्रोसेसर, मेमरी आणि स्क्रीन यांची तुलना आकड्यांत करता येते. टचपॅडचा दर्जा मात्र कोणत्याही आकड्यात मावत नाही. त्यामुळे माहितीपत्रकात त्याच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते आणि खरेदीदारही दोन-चार वेळा बोट फिरवून समाधान मानतो. मेमरी किंवा साठवण अनेक लॅपटॉपमध्ये पुढे वाढवता येते, पण टचपॅड बिघडला तर तसाच दुसरा बसवता येतो. त्याहून चांगला बसवण्याची सोय जवळपास कुठेच नसते. म्हणूनच या भागाची पारख खरेदीपूर्वीच, सवडीने आणि स्वतःच्या हाताने करावी, असे माझे ठाम मत आहे.

ही पारख करताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. टचपॅडमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकत्र काम करतात: बोट ज्यावरून सरकते तो पृष्ठभाग, क्लिकची यंत्रणा आणि बोटाच्या हालचालीचा अर्थ लावणारा सेन्सर व त्याचे सॉफ्टवेअर. यांतील एक चांगली असली म्हणजे बाकीच्या दोन चांगल्या असतातच असे नाही, आणि एकीचा दोष दुसरीच्या माथी मारला की निष्कर्ष चुकतो.

केवळ आकार पाहणे

मोठा टचपॅड प्रथमदर्शनी आकर्षक वाटतो, परंतु टायपिंग करताना तळहात त्यावर टेकणारच, हे लक्षात घ्यावे. तळहाताचा स्पर्श ओळखून बाजूला सारण्याचे काम सॉफ्टवेअर नीट करत नसेल, तर लिहिता लिहिता कर्सर भलत्याच ओळीत उडी मारतो. माझ्या एका जुन्या लॅपटॉपवर हा त्रास मी दोन वर्षे सोसला; तो विकत घेताना मी टचपॅडवर बोट फिरवले होते, पण एक परिच्छेदही टाइप करून पाहिला नव्हता. टचपॅडच्या जागेलाही आकाराइतकेच महत्त्व आहे. उजवीकडे अंकांच्या कळा असलेल्या लॅपटॉपमध्ये टायपिंगचा भाग डावीकडे सरकलेला असतो. टचपॅड यंत्राच्या मध्यावर असण्यापेक्षा स्पेसबारच्या मध्याशी जुळणारा असला, तर उजवा तळहात त्यावर पडण्याची शक्यता कमी होते.

एकाच जागी क्लिक करून पाहणे

ही चूक सर्वांत जास्त वेळा होते. बहुसंख्य लॅपटॉपमध्ये टचपॅडची पट्टी वरच्या कडेला बिजागरीसारखी अडकवलेली असते आणि दाबला जाणारा स्विच खालच्या कडेजवळ असतो. त्यामुळे खाली सहज दाबली जाणारी पट्टी जसजसे वर जावे तसतशी जड होत जाते आणि अगदी वरच्या भागात क्लिक जवळजवळ होतच नाही. तपासणाऱ्याचे बोट मात्र स्वाभाविकपणे खालच्या मध्यावरच पडते आणि सारे काही ठीक वाटते. म्हणून चारही कोपरे, मध्य आणि वरच्या कडेपासून बोटभर खालची जागा अशा सर्व ठिकाणी दाबून पाहावे आणि लागणाऱ्या जोरात किती फरक पडतो ते लक्षात ठेवावे.

दुसरा प्रकार कंपनावर आधारलेल्या, म्हणजे हॅप्टिक टचपॅडचा. यात पट्टी जवळजवळ हलतच नाही. दाब मोजला जातो आणि एक छोटी मोटर कंप निर्माण करून क्लिकचा भास देते, त्यामुळे कुठेही दाबले तरी अनुभव सारखाच राहतो. ॲपलने 2015 मध्ये मॅकबुकमध्ये असा टचपॅड आणला आणि पुढे इतर उत्पादकांच्या महागड्या लॅपटॉपमध्येही तो दिसू लागला. बंद यंत्रावर तो निर्जीव काचेसारखा लागतो. तो बिघाड नव्हे. मात्र हॅप्टिक म्हणजे उत्तमच, असेही समजू नये. कंप क्षीण असेल किंवा दाबल्यानंतर किंचित उशिरा येत असेल, तर साधी पण नेमकी यंत्रणा त्यापेक्षा बरी.

क्लिक तपासताना आवाजाकडेही लक्ष द्यावे. हलक्या टॅपला पट्टी खडखडत असेल, किंवा खरी क्लिक होण्याआधीच ती थोडी खाली धसत असेल, तर जोडणीत सैलपणा आहे. मग लॅपटॉप मांडीवर ठेवून आणि एका कोपऱ्याने किंचित उचलून पुन्हा क्लिक करावी. कमकुवत सांगाडा वाकला की टेबलावर उत्तम चालणारी क्लिक अडखळते, किंवा दाबलेलीच राहते.

सेटिंग्जचा दोष यंत्राला देणे

दोन लॅपटॉप शेजारी ठेवून एकाचा कर्सर वेगवान म्हणून तो चांगला ठरवणे अन्यायाचे आहे, कारण कर्सरचा वेग ही केवळ एक सेटिंग असते. तुलनेआधी दोन्हींवर वेग, स्क्रोलची दिशा आणि टॅपने क्लिक होण्याची सोय सारखी करून घ्यावी. मॅकओएसमध्ये, तसेच काही लिनक्स प्रणालींत टॅपने क्लिक ही सोय मुळात बंद असते. ती चालत नाही म्हणून टचपॅडला नावे ठेवू नयेत.

विंडोजच्या लॅपटॉपमध्ये प्रिसिजन टचपॅड आहे की नाही, हे आवर्जून पाहावे. 2013 मधील विंडोज 8.1 पासून आलेल्या या पद्धतीत बोटांच्या हालचालींचा अर्थ उत्पादकाच्या ड्रायव्हरऐवजी (म्हणजे तो भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरऐवजी) स्वतः विंडोज लावते, त्यामुळे स्क्रोलिंग आणि तीन-चार बोटांच्या खुणा निरनिराळ्या यंत्रांवर बऱ्याच अंशी सारख्या चालतात. विंडोज 10 मध्ये टचपॅडच्या सेटिंग्जमध्ये तसा स्पष्ट उल्लेख असतो.

घाईची चाचणी

बोट वेगाने फिरवल्यास जवळपास प्रत्येक टचपॅड चांगला भासतो; खरी परीक्षा संथ हालचालीत होते. चित्र काढण्याचे साधे ॲप उघडून एक तिरकी रेष अगदी सावकाश ओढावी. रेष पायऱ्यापायऱ्यांची किंवा थरथरती आली, तर सेन्सर किंवा त्याचे सॉफ्टवेअर कच्चे आहे. नंतर एका बोटाने क्लिक दाबून धरून दुसऱ्या बोटाने फाइल ओढावी, दोन बोटांनी लांबलचक पान हळूहळू स्क्रोल करावे आणि मजकुरातील एकच अक्षर निवडून पाहावे. कोरड्या बोटाने काच सहसा सुळसुळीत लागते. प्लास्टिकचा पृष्ठभाग सुरुवातीला चांगला असला तरी वापराने जागोजागी गुळगुळीत होऊन चमकू लागतो, आणि अशा जागी बोट अडकते. प्रदर्शनातल्या, अनेकांनी हाताळलेल्या यंत्राचा टचपॅड आधी पुसून घ्यावा, नाहीतर बोटांचा तेलकटपणाच तपासला जातो.

घरी आणल्यावर अडचण आली तर

परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी वरच्या सर्व चाचण्या पुन्हा कराव्यात. कर्सर फक्त चार्जिंगच्या वेळी थरथरत असेल, तर संशय चार्जरवर घ्यावा. हा सेन्सर बोटामुळे विद्युतभारात होणारा अत्यंत सूक्ष्म बदल मोजतो आणि अर्थिंग नसलेल्या किंवा हलक्या दर्जाच्या चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट त्यात मिसळतो. चार्जर काढताच कर्सर स्थिर झाला, तर टचपॅड निर्दोष आहे. अर्थिंग असलेला प्लग किंवा मूळ चार्जर वापरून पाहावा. ओल्या किंवा घामट बोटांनीही असाच गोंधळ होतो.

टचपॅड अचानक पूर्ण बंद पडला, तर आधी कीबोर्डवरची त्याची कळ चुकून दाबली गेली आहे का ते पाहावे. एखादी कळ दाबून धरली असताना कर्सर हलत नसेल, तर विंडोजमध्ये टचपॅडची संवेदनशीलता सर्वांत वरच्या पातळीवर न्यावी. टायपिंगच्या वेळी स्पर्श रोखणारी व्यवस्था त्यामुळे सैल होते.

एक लक्षण मात्र कधीही दुर्लक्षित करू नये. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी टचपॅड वर उचलला गेलेला दिसला, त्याच्या कडेची फट वाढली किंवा क्लिक होईनाशी झाली, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी टचपॅड दाबून जागेवर बसवण्याचा प्रयत्न करू नये, चार्जिंग ताबडतोब थांबवावे, यंत्र बंद करून जाणकार तंत्रज्ञाकडे न्यावे आणि बॅटरीला टोकदार वस्तू लागू देऊ नये, कारण फुगलेली लिथियम बॅटरी भोसकली गेल्यास पेट घेऊ शकते.