जर्नलची वर्गणी आणि अंकांच्या नोंदी : या चुका टाळा, नाहीतर माणूस तरीतून येऊन रिकाम्या हाताने परत जातो

काही वर्षांपूर्वी गुहागरकडनं एक संशोधक विद्यार्थी आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत आला होता, धोपाव्याहून दाभोळची तर म्हणजे फेरीबोट पकडून, पुढे एसटी. मत्स्यव्यवसायाच्या जर्नलचे १९९४ ते १९९६ चे अंक हवे होते आणि आमच्या यादीत ते स्पष्ट दिसत होते, "१९९१ पासून पुढे, सलग". कपाटात बघितलं तर ती तीन वर्षंच नाहीत. वर्गणी भरली होती, बिलं फायलीत होती, पण अंक काही आले नव्हते, किंवा आले नि बाइंडिंगला गेले ते परतलेच नाहीत, काय झालं ते शोधायलाही काही नोंद नव्हती. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, पैसे भरले म्हणजे अंक आला असं धरून चालणं. वर्गणीची नोंद वेगळी आणि कपाटातल्या अंकांची नोंद वेगळी. बिलावरून होल्डिंग, म्हणजे आपल्याकडे कुठले अंक आहेत ती नोंद, लिहू नका, रॅकसमोर उभं राहून लिहा. आणि "सलग" हा शब्द तर वापरूच नका जोपर्यंत एकेक खंड हाताने मोजला नाही. "खंड ३८ ते ४५, खंड ४१चा अंक ३ नाही" असं लिहिलं की वाचणाऱ्याला घरबसल्या कळतं यायचं की नाही ते.

दुसरं म्हणजे न आलेल्या अंकासाठी प्रकाशकाला पाठवायचं स्मरणपत्र. पावसाळ्यात आपल्याकडे टपालाचं काय होतं ते सांगायला नको, घाटात दरड आली की सगळंच लांबतं, त्यामुळे जूनचा अंक जुलैत आला नाही म्हणून लगेच "गहाळ" मारून टाकायचा नाही. पण उलटी चूक जास्त महागात पडते, दिवाळीनंतर बघू म्हणून सोडून दिलं की प्रकाशकाची मुदत निघून जाते आणि मग फुकट बदली अंक मिळत नाही. वर्गणी भरतानाच ती मुदत विचारून कार्डावर लिहून ठेवा. कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर लेट (उशीर झालेला), मिसिंग (गहाळ) आणि क्लेम्ड (स्मरणपत्र पाठवलेला) हे वेगवेगळे स्टेटस आहेत ते वेगळेच ठेवा, सगळ्याला मिसिंग करू नका, कारण पत्र पाठवलंय की नाही हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

जोडअंक हा मराठी नियतकालिकांचा खास त्रास. मासिकाचा ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र दिवाळी अंक निघतो आणि सॉफ्टवेअर मात्र नोव्हेंबरच्या अंकाची वाट बघत बसतं, मग कोणीतरी न निघालेल्या अंकासाठी संपादकांना स्मरणपत्र पाठवतं. आधी अंकाचं मुखपृष्ठ आणि आतलं पान दोन्ही वाचा, जोडअंक असेल तर एकाच नोंदीत दोन्ही महिने घाला नि पुढचा क्रम दुरुस्त करा. शंका आली तर एक फोन, बस.

नाव बदललं की जुन्याच कार्डावर पुढे लिहीत जाणं, हीही चूक खूप दिसते. इकॉनॉमिक वीकली १९४९ला सुरू झालं, नंतर १९६६ला इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली (ईपीडब्ल्यू) आलं, आणि त्याचे खंड पुन्हा १ पासून. दोन्ही एकाच नोंदीत घातले तर खंड १ दोनदा येतो आणि गोंधळ कायमचा. दोन नोंदी करा, एकमेकींना "आधीचं नाव" "नंतरचं नाव" म्हणून जोडा. आयएसएसएनचं, म्हणजे नियतकालिकाच्या ओळख क्रमांकाचं, पण तसंच, छापील अंकाचा वेगळा आणि ऑनलाइनचा वेगळा असतो, ईपीडब्ल्यूचा छापील ००१२-९९७६ आणि ऑनलाइन २३४९-८८४६. ऑनलाइनचा नंबर छापीलच्या नोंदीत टाकला की दुसऱ्या लायब्ररीशी यादी जुळवताना काहीच जुळत नाही.

वर्ष पण नीट बघा. जर्नलची वर्गणी बहुतेक जानेवारी ते डिसेंबर, आपलं बजेट एप्रिल ते मार्च, म्हणून बिलाच्या तारखेवरून नाही तर कुठल्या खंडासाठी पैसे गेले ते लिहा, ऑडिटलाही तेच लागतं.

आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही ऑनलाइन जर्नल्सची सरकारी योजना आलीय, १ जानेवारी २०२५ पासून, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स. तुमची संस्था त्यात असेल तर छानच आहे, पण ते बघून छापील अंक घाईने बंद करणारे लोक बघितले की मला खरंच काळजी वाटते. आधी एकेक शीर्षक तपासा, कुठल्या वर्षापासूनचं दिसतंय ते बघा, आणि मराठी मासिकं त्यात शोधू नका, ती आपल्यालाच जपायची आहेत. बंद केलंच तर नोंद पुसू नका, "वर्गणी बंद, डिसेंबर २०२४" लिहा आणि जुने खंड दिसू द्या.

बाइंडिंगला अंक देताना यादीच्या दोन प्रती करा, एक बाइंडरकडे, एक आपल्याकडे, सही घेऊन. मे महिन्यात द्या, पाऊस लागायच्या आत परत आणा, ओल्या हवेत खळ वाळत नाही नि बुरशी धरते. परत आल्यावर पानं उलटून बघा आणि मगच होल्डिंग बदला. आमची ती १९९४ ते १९९६ ची ओळ मी त्याच आठवड्यात दुरुस्त केली, आणि शेजारी लिहिलं, "अंक नाहीत, कृपया येण्यापूर्वी फोन करावा".