घाट चढताना दम टाकणाऱ्या बाइकला एक दात कमी

डबलसीट घाट चढताना सारखा खालचा गिअर टाकावा लागतो? मग पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक, एका दाताने लहान करून बघा. पुढे 15, मागे 45 दात म्हणजे गुणोत्तर 3. पुढे 14 केले की 3.21. चाकाला साधारण 7 टक्के जास्त ओढ! मागे 48 दात घेऊनही जवळपास तेवढंच मिळतं, पण खर्च जास्त आणि चेनही लांब लागू शकते. हायवेवर मात्र त्याच वेगाला इंजिन जास्त फिरेल, पेट्रोलही थोडं वाढेल. झिजलेली चेन नव्या स्प्रॉकेटवर अजिबात चढवू नका, ती नवे दात खात सुटते. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवेल.