पाड्यावरचे पालक शाळेत येत नाहीत? आधी या चुका टाळा

सातपुड्यात नव्याने रुजू झालेला शिक्षक महिन्याभरात म्हणतोच, "इथल्या पालकांना शिक्षणाचं काही पडलेलं नाही." मीही म्हणालो होतो, आणि ते साफ चुकीचं होतं.

सभेची वेळ आपल्या सोयीने ठरवणं
नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याकडे घरं डोंगरभर विखुरलेली, ज्याचं घर त्याच्या शेतात. सकाळी अकराची पालकसभा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. त्यात मी एकदा सभा ठेवली ती ऐन होळीच्या आठवड्यात! होळी हा इथला वर्षाचा सर्वात मोठा सण, त्याआधी भोंगऱ्या बाजार, म्हणजे जत्रेसारखे भरणारे आठवडी बाजार. पुढे मोहफुलांचा हंगाम, तेव्हा पहाटेच माणसं झाडाखाली असतात. मग पाड्याच्या कारभाऱ्याला, म्हणजे तिथल्या प्रमुखाला विचारून संध्याकाळी पाड्यावर, एका घराच्या अंगणात बसलो. तिथे आयाही बोलल्या. पहिल्या बैठकीला रजिस्टर मात्र नेऊ नका.

अंगठ्यापुरते पालक
शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला हव्यात. कागदावर त्या असतातच. पण ठराव आधी लिहून मग घरोघर अंगठे घेत फिरलात, तर पुढच्या सभेला कोण कशाला येईल? ठराव इथल्या पावरी किंवा भिली भाषेत समजावून सांगा. पोषण आहार कसा शिजतोय, हे आयांनाच विचारा.

"घरी मराठीच बोला" हा सल्ला
हा सल्ला ऐकला की आई गुरुजींसमोर तोंडच उघडत नाही. मुलांच्या भाषेला बिघडलेली मराठी समजू नका. मेळघाटातली कोरकू तर मराठीच्या कुळातलीही नाही. मातृभाषेतून शक्य तितकं शिकवावं, असं कायद्याचं कलम 29 सांगतं. पाड्यावरची शिकलेली एखादी ताई वर्गात आठवड्यातून दोनदा आली तरी पहिलीतली पोरं बोलू लागतात.

स्थलांतर उशिरा कळणं
ऊसतोडीला कुटुंबं गेल्यावर वर्ग रिकामा दिसतो. दसऱ्यालाच विचारा: कोण जाणार, घरी आजी राहणार का? आजी असेल तर हंगामी वसतिगृहाची, म्हणजे मूल गावातच राहून शाळेत जेवेल अशी सोय बघा. मूल सोबत जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड हातात द्या, आणि ते तिकडच्या शाळेत दाखवायचं हे आईवडिलांना नीट सांगा.

फक्त 9 ऑगस्टची आठवण
आदिवासी दिनाला पोरांना नाचवलं आणि वर्षभर पाड्याकडे फिरकलो नाही, असं होतं. त्यापेक्षा पेरणीआधी एखाद्या आजीला वर्गात बोलवा. भगर, मोर (इथलं एक भरडधान्य), ज्वारीचं बियाणं ती कसं राखते ते मुलं वहीत उतरवतील, आणि आजीचा नातू त्या दिवशी पहिल्या रांगेत बसेल.