पाणथळ जागेचा रामसर प्रस्ताव कसा तयार करावा

रामसर यादी म्हणजे रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालची, जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी. तिच्यात एखाद्या जागेचं नाव घालायचा अधिकार फक्त देशाच्या सरकारला असतो. १९७१ च्या या करारात भारत १९८२ साली सामील झाला. महाराष्ट्रातली नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी, तसंच गोव्यातलं नंदा तळं या यादीत आहेत. प्रस्ताव राज्याकडून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे आणि तिथून स्वित्झर्लंडमधल्या कराराच्या सचिवालयाकडे जातो. माहिती मात्र गावपातळीवरच गोळा करावी लागते. तिथे राहिलेली उणीव वरच्या कार्यालयात भरून निघत नाही.

आधी हद्द पक्की करा. मोजणी नकाशा, गट क्रमांक आणि सातबारा जुळवून पाहा. उन्हाळ्यातल्या पाण्याची कड धरून रेघ मारली, तर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी गवताळ जमीन बाहेर राहते, आणि अतिक्रमण नेमकं तिथेच होतं. हद्द अभयारण्याएवढीच हवी असंही नाही: ठाणे खाडीचं अभयारण्य सुमारे १,६९० हेक्टर आहे, तर भोवतीचं संवेदनशील क्षेत्र धरून रामसर क्षेत्र ६,५२१ हेक्टर आहे.

मग निकष. एकूण नऊ आहेत, एक पूर्ण झाला तरी चालतो. पाणपक्ष्यांसाठी दोन आकडे महत्त्वाचे: नियमितपणे २०,००० पक्षी, किंवा एखाद्या प्रजातीच्या त्या मोठ्या भौगोलिक पट्ट्यातल्या एकूण संख्येचा १ टक्का. खरी अडचण ‘नियमितपणे’ सिद्ध करण्यात येते. एका हिवाळ्यातली भरघोस गणना पुरत नाही. किमान तीन हंगामांची नोंद हवी, आणि त्यांपैकी दोन-तृतीयांश हंगामांत तो आकडा गाठलेला हवा. सगळ्या ठिकाणी एकाच वेळी मोजा, नाहीतर उडून पलीकडे बसलेला थवा दोनदा मोजला जातो.

मासेमारी, चराई, गाळपेराची (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळावरची) शेती यांची नोंद लपवू नका. करार सुज्ञ वापर, म्हणजे जागेचं नैसर्गिक रूप टिकवून केलेला वापर, मान्य करतो, लोकांना हटवा असं म्हणत नाही. हे ग्रामसभेत आधीच स्पष्ट सांगा. ते न सांगितल्यानेच विरोध पेटतो.

यादीत नाव लागल्यावर जागेचं माहितीपत्रक दर सहा वर्षांनी अद्ययावत करावं लागतं. दरम्यान भराव किंवा सांडपाण्यामुळे जागेचं रूप बिघडत असेल, तर सचिवालयाला विनाविलंब कळवणं सरकारवर बंधनकारक आहे. म्हणून भरावाचे तारखेसह फोटो राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांनुसार, ते नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत, बोटींचे धक्के सोडून, पक्कं बांधकाम करता येत नाही. त्यामुळे तक्रारीत हे अंतर मोजून लिहा.