व्हायोलिनला दोष देण्याआधी या चुका टाळा

जून संपत आला की कोल्हापुरात व्हायोलिन शिकणाऱ्यांची तार पिळायच्या खुंटीबद्दल एकच तक्रार सुरू होते, "खुंटी हलतच नाही." एप्रिलमध्ये हीच मंडळी म्हणत होती, "खुंटी थांबतच नाही." वाद्य तेच, हवा बदलली. पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. अडकलेल्या खुंटीला पक्कड लावू नका. हलकेच बाहेर ओढत सैल करा. घसरणाऱ्या खुंटीला तेल तर नकोच, ती आणखी घसरेल. किंचित खडू चोळा आणि पिळताना खुंटी आत दाबा. बहुतेक जण नुसतीच फिरवतात.

पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला लागून व्हायोलिनची पेटी ठेवू नका, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. मे महिन्यात रंकाळ्यावर फिरायला जाताना व्हायोलिन बंद गाडीत ठेवणारे मी पाहिलेत. उष्णतेने सरस सुटतो आणि कडेचे सांधे उघडतात.

"किंचाळतंय" ही तक्रार बहुधा गजाची, म्हणजे तारांवर फिरवायच्या केस लावलेल्या काडीची. नवीन गजाला राळ (केसांना चोळायचा चिकट पदार्थ) भरपूर लागते. राळेची वडी गुळगुळीत असेल तर बारीक पॉलिशपेपरने आधी खरवडा. केसांना बोटं लावू नका, हाताचं तेल बसलं की तिथं राळ धरत नाही. वाजवून झाल्यावर गज सैल करायला विसरू नका, नाहीतर काडीचा बाक जातो.

सूर लावताना मोबाइलवरचं ट्यूनर ॲप चार तारांसाठी जी-डी-ए-ई हे पाश्चात्त्य स्वर मागतं. आपल्याकडे अनेक जण सा-प-सा-प लावतात. पांढरी पाच (हार्मोनियमची पट्टी, म्हणजे जी) सा धरलात तर ए आणि ई दोन्ही एकेक स्वर उतरून जी-डी व्हायला हव्यात. ॲपच्या नादाने तारा चढवत बसलात तर सा-प-सा-प जुळणारच नाही.

तारा चढवताना घोडीचा (तारा पेलणाऱ्या उभ्या लाकडी पट्टीचा) माथा हळूहळू खुंट्यांकडे झुकतो. दर वेळी बाजूने बघा: टेलपीसकडची (तारांचं खालचं टोक अडकवतात तिकडची) तिची बाजू वरच्या फळीशी काटकोनात हवी. झुकली असेल तर तारा थोड्या सैल करून दोन्ही हातांच्या चिमटीत माथा धरून मागे आणा. तिचे पाय फळीवरच्या एफ आकाराच्या भोकांच्या आतल्या खाचांच्या रेषेत राहू द्या.

सगळ्यात महागात पडते ती चारही तारा एकदम काढण्याची हौस. मी ती पहिल्याच वर्षी केली, पुसायला म्हणून. आत खुळखुळ वाजलं. तो साउंडपोस्ट, घोडीखालची छोटी काडी. सरस नाही, नुसत्या दाबावर उभी. फ्रेंच लोक तिला आत्मा म्हणतात, ते काही उगाच नाही. म्हणून एक तार काढा, नवी लावा, मग दुसरी. काडी पडलीच तर मिरज जवळ आहे म्हणून सतार-तंबोऱ्याच्या कारागिराकडे धावू नका. एफच्या भोकातून वाकडं हत्यार घालून ती उभी करणारा व्हायोलिनचाच माणूस शोधा. तोवर तारा सैलच ठेवा. पोस्टशिवाय ताणल्या तर वरची फळी खचते.