जीपीएल आहे ना, मग सही करायला काय हरकत? सीएलएच्या बाबतीत या चुका टाळा

मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल सामावून घ्या' अशी विनंती, टाकली की थोड्या वेळात बॉट येतो. तुमच्या पॅचपुढे लाल फुली, खाली लिंक, लिंकवर इंग्रजीतला दीड-दोन पानांचा करार आणि तळाशी 'मान्य आहे'चं बटण. बहुतेक मंडळी थेट बटणावर जातात. फुली जाऊन हिरवी खूण आली की काम झालं. सॉफ्टवेअर जीपीएल नाहीतर एजीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, मग काळजी कसली, असा एकंदर सूर असतो. कॉन्ट्रिब्युटर लायसन्स अॅग्रीमेंट, म्हणजे सीएलए (आपल्या कोडचे हक्क प्रकल्पाच्या मालकांना देणारा करार), हा नुसता कागदी सोपस्कार आहे असं मानणाऱ्या नवख्यांना (आणि दहा-दहा वर्षं मुरलेल्यांनाही) मी तेच तेच सांगून कंटाळलोय. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

'कॉपीलेफ्ट आहे, म्हणजे कोड कायम मोकळाच राहणार'

सगळ्यात थोरली चूक ही. जीपीएल हा कॉपीराइटच्या मालकाने इतरांना दिलेला परवाना आहे. सोर्स द्या, बदल केलात तर तेही त्याच अटींवर द्या, ही बंधनं (यालाच कॉपीलेफ्ट म्हणतात) घेणाऱ्यावर असतात. मालकाला स्वतःच्या कोडसाठी परवाना लागतच नाही. ज्याच्याकडे सगळ्या कोडचे हक्क एकवटलेत, तो आज जीपीएलखाली दिलेला कोड उद्या बंद लायसन्सखाली विकू शकतो, आणि जीपीएलचं एकही कलम त्याच्या आड येत नाही. कुळाला कुळाचे नियम, सातबाऱ्यावर नाव असलेल्याला वेगळे. हक्क पूर्ण लिहून देणारा करार असेल तर सातबाऱ्यावरचं नावच बदलतं. नुसता भरघोस परवाना देणारा असेल तर मालकी तुमची राहते, पण 'इतर हक्क' रकान्यात कंपनी येऊन बसते. व्यवहारात दुसऱ्या प्रकारानेही तिचं काम भागतं.

लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, उदाहरण बघा. तिथे सीएलए नाही. ज्याने जे लिहिलं त्याचा हक्क त्याच्याकडे, आणि सगळ्यांनी कोड दिलाय तो जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली. उद्या खुद्द लिनक्सचे जनक तोरवाल्ड्स यांच्या मनात आलं तरी लायसन्स बदलता येणार नाही, कारण त्यासाठी हजारो जणांची संमती लागेल. आत येणारा कोड ज्या अटींवर, बाहेर जाणाराही त्याच अटींवर. कॉपीलेफ्ट अशा ठिकाणी प्रकल्पाच्या मालकांनाही बांधतं.

आता मायएसक्यूएल हा डेटाबेस. कोड जीपीएलखाली, पण हक्क कंपनीच्या हातात एकवटलेले. ज्यांना स्वतःचं उत्पादन बंद ठेवायचं होतं त्यांना कंपनी वेगळा व्यावसायिक परवाना विकत असे. 2008 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी घेतली, 2010 मध्ये ओरॅकलने सन घेतली. 2009 मध्ये मूळ लेखकांपैकी माँटी विडेनियस यांनी मारियाडीबी हा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून निघालेला वेगळा प्रकल्प, काढला. गंमत अशी, की फोर्कला कोड मिळाला सगळा, पण मायएसक्यूएलच्या कोडसाठी व्यावसायिक परवाने विकण्याचा हक्क नाही मिळाला. तो ओरॅकलकडेच राहिला. इतकी वर्षं फुकट पॅच देणाऱ्यांच्या सहीने नेमकं काय हस्तांतरित झालं होतं, ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

मोंगोडीबीने 16 ऑक्टोबर 2018 रोजी एजीपीएल सोडून एसएसपीएल हा आणखी कडक परवाना धरला, आणि ओपन सोर्स परवान्यांना मान्यता देणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हने एसएसपीएलला मान्यता दिलेली नाही. हाशीकॉर्पने ऑगस्ट 2023 मध्ये एमपीएलवरून, म्हणजे सौम्य कॉपीलेफ्टवरून, बिझनेस सोर्स लायसन्सवर, म्हणजे ओपन सोर्समध्ये न बसणाऱ्या परवान्यावर, उडी मारली. दोन्हीकडे सीएलए होता. दर वेळी लोक 'कोड चोरला' म्हणून ओरडतात. चोरी कसली? तुम्ही सही करून दिलंय. आणि आधी जाहीर झालेल्या आवृत्त्या कोणी परत घेऊ शकत नाही. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत तर अटी पाळणाऱ्याचे हक्क मागे घेता येत नाहीत असं स्पष्ट लिहिलंय. हाशीकॉर्पच्या टेराफॉर्मचा ओपनटोफू हा फोर्क निघाला तो अशाच जुन्या आवृत्तीवरून.

इथेच एक बारीक मेख आहे. अनेक कंपन्यांचे सीएलए अपाची फाउंडेशनच्या नमुन्यावरून बेतलेले असतात, आणि लोक म्हणतात, 'अपाचीचाच आहे, घाबरायचं काय?' अपाची लायसन्स आधीच सगळ्यांना जवळपास सगळं देतं. कोड बंद उत्पादनात घाला, विका, काहीही करा. त्यामुळे तिथे सीएलए घेणाऱ्याला जगापेक्षा फार काही जास्तीचं मिळत नाही. तोच कागद एजीपीएलच्या प्रकल्पात वापरला की चित्र पालटतं: जग एजीपीएलच्या अटींत, आणि कोड बंद करण्याची मुभा फक्त एका कंपनीला. कागद शब्दशः तोच असला तरी तो कुठल्या लायसन्सशेजारी ठेवलाय ते बघा.

म्हणून हक्क एकवटणं वाईटच, असं मात्र मी म्हणत नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर 2008 मध्ये लिंकसिसच्या उपकरणांत जीपीएल मोडल्यावरून सिस्कोवर दावा लावला. त्यांतल्या जीसीसी, जीलिबसी वगैरे सॉफ्टवेअरचे हक्क फाउंडेशनच्या नावावर होते, म्हणून त्यांना कोर्टात ठामपणे उभं राहता आलं. 2009 मध्ये तडजोड झाली. उलट कर्नलच्या अनेक लेखकांपैकी एक, क्रिस्टोफ हेल्विग, यांनी जर्मनीत व्हीएमवेअरविरुद्ध दावा केला, तर त्यातला नेमका कोणता भाग तुमचा ते दाखवा, यावरच गाडी अडली. 2016 मध्ये हॅम्बुर्गच्या कोर्टाने दावा फेटाळला, 2019 मध्ये अपिलातही हार झाली. विखुरलेल्या हक्कांची ही किंमत आहे. फरक इतकाच, की फाउंडेशनच्या करारात कोड पुढेही मुक्त अटींवरच देऊ, असं उलट वचन असतं. केडीई या डेस्कटॉप प्रकल्पात ऐच्छिक असलेल्या एफएलए करारात (यात हक्क विश्वस्ताकडे दिले जातात) तर विश्वस्ताने मुक्त सॉफ्टवेअरची तत्त्वं मोडली की हक्क लेखकाकडे परत येतात.

माझी सवय साधी आहे. करार उघडला की आधी हे उलट वचन शोधतो. ते नसेल आणि 'कोणत्याही लायसन्सखाली' अशा अर्थाचं वाक्य असेल, तर मी स्वतःला विचारतो: उद्या हा कोड बंद झाला तरी मला चालेल का? कधी चालतं, कधी नाही. टायपो दुरुस्त करायला मी कुठेही सही करतो. महिनाभर खपून लिहिलेलं मॉड्यूल असेल तर नाही करत.

'घरच्या ईमेलवरून पाठवलंय, ऑफिसचा काय संबंध?'

ओळखीच्या एका मेंटेनरची, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याची, लायब्ररी आहे. बिलांच्या पीडीएफ बनवते, लायसन्स एजीपीएल. एका ग्राहकाला ती बंद उत्पादनात हवी होती, पैसे चांगले देणार होता. मेंटेनर निवांत, कारण प्रत्येकाची सीएलएवर सही होती. ग्राहकाच्या वकिलाने एकच मागितलं: कुठला कोड कुणाच्या मालकीचा, त्याची यादी. ती करायला मेंटेनरने मला बसवलं.

बाकी सगळं सुरळीत होतं. अडकलं ते देवनागरीच्या पॅचपाशी. त्याआधी 'पर्यंत'मधला रफार सुटा पडायचा, 'क्ष' फुटायचा. हिंजवडीतल्या एका इंजिनिअरने हार्फबझ ही अक्षरं नीट जुळवणारी लायब्ररी जोडून ते झकास दुरुस्त केलं होतं. ईमेल वैयक्तिक. पण कमिटच्या, म्हणजे बदल नोंदवल्याच्या, वेळा पाहिल्या तर सगळ्या कामाच्या दिवशी, भर दुपारच्या. फोन केला. 'जीमेलवरून केलंय की सर, आणि सीएलएपण भरलाय.' त्याची कंपनी काय करते? बँकांसाठी स्टेटमेंटं छापणारं सॉफ्टवेअर. म्हणजे हा पॅच त्याच्या रोजच्या कामातूनच निघालेला.

भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं, की नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी. याच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये तर त्याहून रुंद कलम होतं. एचआरने मेल लीगलकडे ढकलला, लीगलने मॅनेजरकडे, आणि बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: सदर काम कंपनीची मालमत्ता आहे, परवानगी नाही. आता नीट बघा काय झालं ते. जे त्याचं नव्हतंच ते त्याने सीएलएने दिलं होतं, म्हणजे ती सही पोकळ. आणि नुसती विक्री अडली असंही नाही. तो कोड एजीपीएलखाली द्यायचा अधिकारही त्याला नव्हता, त्यामुळे जाहीर आवृत्तीतूनही पॅच काढावा लागला. ज्याने तो कोड कधी पाहिलाच नव्हता अशा दुसऱ्या माणसाकडून सगळं नव्याने लिहून घेतलं. तोवर मूळ लेखकाची ऑफिसात हजेरी घेतली गेली होती ते वेगळंच. ग्राहक अर्थातच थांबला नाही.

अपाचीच्या सीएलएत चौथ्या कलमात हेच विचारलेलं असतं: तुमच्या नोकरीच्या मालकाचा तुमच्या कामावर हक्क असेल, तर परवानगी घेतली आहे का? बटण दाबणारा 'हो' म्हणून मोकळा होतो. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याला मी सरळ विचारतो, नोकरी कुठे, आणि लेखी परवानगी आहे का. काहींना ते आगाऊपणाचं वाटतं. वाटू दे. ऑक्टोबरातल्या हॅकटोबरफेस्ट मोहिमेत टी-शर्टसाठी रीडमी फाइलीत नुसता स्वल्पविराम टाकणारे यावर पळून जातात, तोही फायदाच.

साइन-ऑफ म्हणजे सीएलए नव्हे

डीसीओ (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन), म्हणजे कमिटखाली येणारी 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ, कर्नलने 2004 मध्ये आणली. लिनक्समध्ये आपला कोड आहे म्हणणाऱ्या एससीओ कंपनीच्या कोर्टकचेऱ्या तेव्हा चालू होत्या. तिच्यात तुम्ही एवढंच म्हणता, की हा कोड मला या प्रकल्पाच्या लायसन्सखाली द्यायचा अधिकार आहे. जास्तीचा कोणताही हक्क कुणाला जात नाही. पन्नास वर्षांचा करार समजून तिला घाबरू नका, आणि सीएलएऐवजी चालेल असंही धरू नका. (नोकरीची भानगड इथेही लागू आहे.) आणि कृपा करून: गिट कमिटला छोटा एस दिला तर साइन-ऑफ लागतो, मोठा एस दिला तर जीपीजीची, म्हणजे डिजिटल, सही. दर आठवड्याला कोणीतरी मोठा एस देऊन बॉटशी भांडत बसलेला असतो. दुसऱ्याच्या नावाने साइन-ऑफ लावणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

उसन्या कोडवर सही

हे शिकलेल्यांनाही कळत नाही. प्रकल्प जीपीएलचा आहे. दुसऱ्या जीपीएल प्रकल्पातलं एक फंक्शन तुम्ही उचललं, मूळ लेखकाचं नाव ठेवलं, लायसन्सं जुळतात. कॉपीलेफ्टच्या दृष्टीने बिनतक्रार. पण प्रकल्पाला सीएलए असेल तर गाडी इथेच पंक्चर. मूळ लेखकाने तुम्हाला दिलंय ते जीपीएल, त्याहून मोठा हक्क तुम्ही पुढे कसा देणार? पुल रिक्वेस्टमध्ये तो भाग वेगळा काढून, कुठून आणला ते लिहा आणि मेंटेनरला ठरवू द्या. सीएलए मागणारे प्रकल्प अशा वेळी बहुधा नाही म्हणतात. जीपीएल जगातलं इतरांचं काम वापरण्याची सोय ते स्वतःच गमावतात, हा त्यांच्या व्यवस्थेचा न बोलला जाणारा तोटा.

आपला सीएलए आपणच लिहिणे

परदेशी नमुन्यातलं एखादं वाक्य 'फालतू' म्हणून उडवणारे महाभाग मी पाहिलेत. आपल्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हस्तांतरणाची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम 30-अ मुळे हेच परवान्यांनाही लागतं. शिवाय हक्क घेऊन वर्षभर वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं लिहिलं नसल्यास, हस्तांतरण रद्द समजलं जातं. म्हणजे 'जगभर' आणि 'कायमस्वरूपी' हे शब्द गाळले की सहा वर्षांनी तुमच्या हातात काय उरतं ते बघा. वकिलाला पैसे द्यायचे नसतील तर नमुना जसाच्या तसा घ्या.

त्याहून बरं, मागूच नका. तीन कॉन्ट्रिब्युटर असलेल्या प्रकल्पाने पहिल्या दिवसापासून सीएलए लावायचा, कारण 'मोठे लावतात', ही निव्वळ हौस आहे. मोठेही मागे येताहेत: जीसीसीने आणि जीलिबसीने 2021 मध्ये फाउंडेशनला हक्क लिहून देण्याची सक्ती काढली, डीसीओ चालेल म्हणाले. (ईमॅक्स या एडिटरने ती अजून धरून ठेवलीय, तिथे पंधराएक ओळींपर्यंतच्या किरकोळ बदलाला सूट आहे.) मायएसक्यूएलसारखा दुहेरी लायसन्सचा धंदा खरंच करायचा असेल तर सीएलए ठेवा, पण कारण पहिल्या परिच्छेदात उघड लिहा. लोक त्यालाही सही करतात. लपवलेलं नंतर सापडलं की मात्र फोर्क करतात.

सही केलेल्याची प्रत न ठेवणे

लिंकच्या मागचा मजकूर बदलतो. कंपनी विकली जाते, पान हलतं, आवृत्ती दुसरी येते, आणि आपण नक्की कशाला मान्यता दिली ते कोणालाच आठवत नाही. मी बटण दाबण्याआधी पान पीडीएफ करून ठेवतो, फाइलच्या नावात प्रकल्प आणि तारीख. नोकरीच्या ठिकाणची परवानगी आली असेल तर तो मेलही त्याच फोल्डरमध्ये. नोकरी सोडताना ऑफिसचं ईमेल बंद होतं, तेव्हा तो मेल आधी बाहेर काढून घ्या.