दारुहळदीवरचा तांबेरा आणि आपला गहू: यंदाच्या रब्बीसाठी सल्ला

गव्हाच्या खोडावर येणारा काळा तांबेरा (गेरवा) ज्या बुरशीमुळे होतो, तिचं जीवनचक्र एकट्या गव्हावर पूर्ण होत नाही. त्यासाठी तिला दारुहळदीच्या कुळातली पिवळ्या फुलांची काटेरी रानझुडपं लागतात. थंड देशांत गव्हाच्या धसकटावरचे काळे बीजाणू (बुरशीचं बारीक बी) हिवाळा काढतात आणि वसंतात झुडपाच्या कोवळ्या पालवीवर रोग येतो. पानावर वरून नारिंगी ठिपके दिसतात. पान उलटून पाहिलं तर खाली बारीक पेल्यांचे पुंजके असतात आणि त्यांतली भुकटी वाऱ्याने गव्हावर जाते. हे नातं जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डी बारी यांनी १८६५ मध्ये सिद्ध केलं. अमेरिकेने १९१८ पासून ही झुडपं उपटण्याची मोठी मोहीम चालवली, कारण याच झुडपावर बुरशीचा संकर होऊन तिचे नवे वंश तयार होतात.

आपल्याकडे झुडपामागे लागण्यात अर्थ नाही. हिमालयात दारुहळद आहे, पण आपल्या गव्हावरचा रोग तिथून येत नाही. मैदानी उन्हाळ्यात बुरशी तग धरत नाही. दक्षिणेतल्या निलगिरी-पळणीच्या डोंगरांत मात्र ती वर्षभर गव्हावर जगते आणि तिथले बीजाणू वारा-पावसाबरोबर उत्तरेकडे येतात. गव्हाच्या तांबेऱ्याचे भारतीय अभ्यासक डॉ. के. सी. मेहता यांच्या संशोधनातून हे पुढे आलं. म्हणजे रोग दरवर्षी बाहेरून येणार हे धरूनच पेरणीची आखणी करा.

बागायती पेरणी १ ते १५ नोव्हेंबरदरम्यान उरका. उशिराच्या गव्हाचे दाणे ऊन वाढल्यावर भरतात, आणि काळ्या तांबेऱ्याला २० ते ३० अंश तापमान मानवतं. उशीर होणारच असेल तर फुले समाधानसारखं प्रतिकारक वाण घ्या. युरिया शिफारशीपेक्षा जास्त टाकू नका. पीक माजलं की आत दव लवकर वाळत नाही, आणि पान सहा-आठ तास ओलं राहिलं तरी बीजाणूला रुजायला पुरतं.

पोटरीपासून (ओंबी पानाच्या आवरणात फुगते तेव्हापासून) आठवड्यातून दोनदा शेतात आत शिरून पाहा, बांधावरून काही कळत नाही. काळ्या तांबेऱ्याचे फोड लांबट, विटकरी, खोडावर आणि पानाच्या आवरणावर असतात. फोडाच्या कडेला फाटलेली साल बोटाला खरखरीत लागते. गव्हावरच येणाऱ्या दुसऱ्या, नारिंगी तांबेऱ्याचे फोड लहान, गोल, विखुरलेले आणि मुख्यतः पानावर असतात. साल फाटल्यामुळे खोडातलं पाणी उडतं, दाणे चिरमटतात, पीक लोळतं.

पहिले फोड दिसताच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक, लिटरला १ मिली, एकरी २०० लिटर पाण्यातून फवारा. फवारा खोडाच्या बुडापर्यंत पोचला पाहिजे. वरची पानं भिजवून थांबलं की खालचे फोड भुकटी सोडतच राहतात. गरज पडल्यास १५ दिवसांनी दुसरी फवारणी घ्या, पण लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांत ठेवायचे दिवस) मोडू नका. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक (लिटरला २.५ ग्रॅम) रोग येण्याआधीच उपयोगी, पानात शिरलेली बुरशी त्याने मरत नाही.

प्रतिकारक वाणावर फोड दिसले तर तो बुरशीचा नवा वंश असू शकतो. असे खोडाचे तुकडे सावलीत सुकवा, कागदी पाकिटात घाला (प्लास्टिकमध्ये ते कुजतात), त्यावर गाव, वाण आणि तारीख लिहा आणि महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्राकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या.